मायचं ऑर्किड आणि अण्णांचा विळा

कोचीच्या नोकरीसाठी निघाले, तेव्हा बुऱ्हाणपूरच्या फलाटावर अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. शेजारच्या कुणाच्या तरी टोपलीतली केळी निरखत होते. मायने मात्र खिडकीच्या गजांतून हात घालून माझं मनगट घट्ट धरलं होतं. "पोचली का पयले फोन करजो, मंग जेवजो," असं तिने चारदा सांगितलं. गाडी हलली तेव्हा अण्णांनी एकदाच मान वर केली, आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. तो राग होता की रडू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याला आठ वर्षं झाली. तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांना ही चुळबुळ नव्याने सांगायला नको. गावी, फोपनारला गेले की तिसऱ्या दिवशी कोचीच्या बाल्कनीतल्या कुंड्या आठवतात. इथे परतले की संध्याकाळी उगीच घरभर फिरते, कपाटं आवरते, आवरलेली पुन्हा आवरते. कुंड्यांचं वेड शेजारच्या चेचींनी लावलं. चेची म्हणजे ताई. त्यांनी मला जांभळ्या फुलांचं ऑर्किड दिलं, नारळाच्या सालीत आणि कोळशात बसवलेलं. फोनवर अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मातीच नाई, तं खाते काय ते? झाड हाय का पाहुणा?"

माय इथे एकदाच आली आणि जाताना त्यातलं एक रोप घेऊन गेली, सगळा प्रवास मांडीवर धरून. मी म्हटलं, आपल्याकडच्या उन्हात ते उकडून मरेल. तिने ऐकलं नाही. अण्णांच्या केळीच्या बागेतल्या खोपीच्या वाशाला ते टोपलीत टांगलं, उन्हाळ्यात भोवती ओलं गोणपाट बांधलं आणि दिवसातून चार वेळा भिजवलं. केळीच्या सावलीत तिने दोन वर्षं त्याला फुलं आणली. मागच्या उन्हाळ्यात माय गेली. आता गोणपाट भिजवणारं कोणी राहिलं नाही, असं मला वाटलं. अण्णा भिजवत होते.

पावसाळ्यात त्यांनी व्हिडिओ कॉलवर ते झाड दाखवलं. जुन्या कांड्या सुरकुतलेल्या, पिवळ्या. पण एकीच्या शेंड्याला दोन पानांचं पिलू फुटलं होतं आणि त्याची पांढरी मुळं हवेत लोंबत होती. मी किंचाळलेच. चेची म्हणाल्या, थकलेलं झाड जाता जाता असं पिलू देतं, तेच पुढे लावायचं. मी अण्णांना म्हटलं, "नीट सांभाळजा, मी दिवाळीले येते." पिलू इकडे आणायचं, मायचं काहीतरी हाताशी असलं की माझा जीव थाऱ्यावर येईल, एवढंच डोक्यात होतं. कुंडीसुद्धा विकत आणून ठेवली.

दिवाळीत खोपीत शिरले, तर कांडीवर पिलू नव्हतं. विळ्याचा स्वच्छ काप होता. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं अण्णा जन्मभर कापत आले आहेत. नाही कापली तर ती मोठ्या झाडाचं अन्न खातात आणि घड भरत नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक, तरी मी तिथेच भांडायला लागले. नको नको ते बोलले. मायचंही तुम्ही कधी ऐकलं नाही, इथपर्यंत गेले. अण्णा विळा पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "तिच्या हातचं झाड हाय. ते जगलं पायजे. पिलू ठेवतो तं ते मरते." आणि बागेकडे वळून, "आन् तू पिलू घेऊन चालली जाशील. मंग मी काय पाहू?"

मला लाज वाटली. कुंडी आणली तेव्हा हा विचार माझ्या मनालाही शिवला नव्हता.

बांधावर, कापलेल्या केळपानांच्या ढिगात मी शोधलं. पिलू सापडलं, ओलाव्यात पडलं होतं म्हणून मुळांची टोकं अजून हिरवी होती. पिशवीत घालायला उचललं खरं, पण मग त्याच टोपलीत, मोठ्या झाडाशेजारी, सुतळीने बांधून टाकलं. "याले पाणी किती लागते?" अण्णांनी विचारलं. चाळीस वर्षं केळी पिकवलेल्या माणसाने झाडाबद्दल मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी सांगितलं, आणि कोचीला रिकाम्या हाताने आले.

आता पुन्हा उन्हाळा लागलाय. अण्णा रोज सकाळी फोटो पाठवतात. पिलाला चौथं पान आलंय. मोठ्या झाडाच्या कांड्या मात्र पार वाळून पोकळ झाल्यात. ते गेलंय, आणि मेलेलं झाड अण्णांना माझ्याआधी कळतं. तरी फोनवर म्हणतात, "मोठं अजून हिरवं हाय, बेटा." मी म्हणते, "हो अण्णा, हिरवं हाय. पाणी देत राहा." मग कितीतरी वेळ हाताला काम सुचत नाही.

घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचे. आता अडखळत नाही. माझा बाप जिथे एका मेलेल्या झाडाला रोज पाणी घालतो, ते.