लग्नाच्या फोटोच्या पोटात

भोरच्या स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. मोबाईल नुकते लोकांच्या हातात दिसू लागले होते. ताई वरव्याला दिलेली. माहेरी आली की भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची. एकदा मी बळंच बाही वर सरकवली. दंडापासून पाठीपर्यंत वळ.

"कुणाला बोलू नको," ती म्हणाली.

बोलले नाही. क्लासचा डिजिटल कॅमेरा घरी आणला आणि वळांचे फोटो काढले.

पण ठेवायचे कुठं? क्लासचा मालक दाजींचा मित्र. दाजी येता-जाता तिथं बसायचे, वाटेल ते फोल्डर उघडायचे. शेवटी मी ते सगळे फोटो एका फाईलमध्ये बांधले आणि ती फाईल दुसऱ्याच एका फोटोच्या पोटात घातली. उघडलं तर वरचा साधा फोटो दिसणार. आतलं काढायची युक्ती फक्त मला माहीत. वरचा फोटो मुद्दाम ताई-दाजींच्या लग्नातला घेतला.

दाजींनी तो एकदा माझ्यासमोरच उघडला. "काय बारीक हुतो गं मी!" म्हणून हसले.

पुढं दाजींच्या मारानं ताईच्या कानाचा पडदा फाटला, आणि ती परत जायला तयार होईना. आमच्या घरी बैठक बसली.

"म्या कदी हात न्हाई लावला," दाजी म्हणाले.

"काय पुरावा हाय का?" थोरले मामा आईवर खेकसले. "पोरीचं ऐकून संसार मोडायचा व्हय?"

मी सकाळीच क्लासात फोटो छापून आणले होते. सतरंजीवर मांडले. कसे जपले, तेही सांगितलं.

मामांनी एक उचलला, बघितला, पालथा ठेवला. "म्हंजी इतकं दिस तू जावयाच्या मागं ह्ये लपवलंस? घरच्या मानसाशी असली लबाडी?"

दाजींना कुणी काही विचारलं नाही. चहाचा पहिला कप त्यांनाच गेला.

"मामा, पाठ बघा तिची!" मी ओरडले.

"आवाज खाली घे," आई म्हणाली. माझी आई!

ताईनं फोटो गोळा केले. "चल, पोलीस ठाण्यात जाऊ." आम्ही दोघीच गेलो.

क्लासच्या मालकानं मला लगेच काढून टाकलं. फारकत मिळायला वर्षं गेली, पण मिळाली. मामा वारले तेव्हा ताई मातीला गेली. मी गेले नाही. इतका राग धरू नये, असं लोक म्हणतात. मी धरते.