काकाची दुधाची गाडी मी समुद्रात लावली

आमच्या घरातून समुद्रावर गेलेल्या सात माणसांपैकी किनाऱ्यावर कसं वागावं याचे लेखी नियम करणारी मी एकटीच होते, आणि दुधाची गाडी समुद्रात लावायला मीच सांगितलं.

आधी माझा राग समजून घ्या. मी कडावची. कर्जतच्या आसपास राहणाऱ्याला पर्यटक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. शनिवारी त्यांच्या गाड्या येतात, रविवारी त्यांच्या बाटल्या उरतात. आमच्याच दारात गाडी आडवी लावून आम्हालाच विचारतात, इथं पार्किंग चालतं ना? फार्महाउसवर स्पीकर लावतात, बांधावर बसून भाताच्या रोपांत पाय सोडून फोटो काढतात (रोपांत! जी माझ्या आईनं दिवसभर वाकून लावलेली असतात!). गेली तीन वर्षं आम्ही आठ-दहा जण दर सोमवारी ओढ्याकाठच्या काचा वेचतो आणि दर शनिवारी पत्रकं वाटतो. पत्रक मी लिहिते. त्यात 'जाहीर निषेध' हे शब्द निदान दोनदा यावे लागतात, नाहीतर मला ते अर्धवट वाटतं.

त्यामुळे जानेवारीत घरात समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांना ओटीवर बसवून स्पष्ट सांगितलं की तिथं पर्यटक आपण असणार आहोत, आणि ही नामुष्की मी नियमाशिवाय सहन करणार नाही. एका बैठकीत अकरा नियमांचं पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या, प्रत्येकाच्या हातात एक प्रत दिली. कुसुमआत्यानं तिच्या प्रतीत प्रवासाचे लाडू बांधले. (नियम सात : कागद पुन्हा वापरावा.)

गाडी दत्ताकाकाची. सकाळी तिच्यात दुधाचे कॅन, एरवी सीट लावून माणसं. कडाव आणि आजूबाजूच्या आठ गावांचं दूध गोळा करून काका ते डेअरीवर पोचवतो. गाडी एक दिवस चुकली तर आठ गावांचं दूध दारात नासतं आणि आठही गावांच्या शिव्या काकाला बसतात. म्हणून तो ही गाडी लग्नाच्या वरातीलासुद्धा देत नाही. निघताना त्यानं मला एवढंच बजावलं, "सुजे, तुजे नियम तू सांभाळ. मला उद्या सकाळी पाचला दूध उचलायचं हाय." मी म्हटलं, काका, नियम पाळले की बाकी सगळं आपोआप नीट होतं.

किनाऱ्याचं नाव सांगत नाही. तिथले लोक आम्हाला अजून ओळखतात.

अकराच्या सुमारास पोचलो तर कोळीवाड्याची गल्ली गाड्यांनी गच्च. कुणाच्या ओट्याला टेकून गाडी, कुणाच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर गाडीची सावली. माझं डोकं फिरलं. काकाला एका घरापुढं छान जागा दिसली होती, तो गाडी वळवायलाही लागला होता. मी त्याला थांबवलं. नियम एक : कुणाच्या दारात गाडी लावू नये. पुढं उलट्या घातलेल्या होडीवर एक म्हातारे तांडेल जाळं शिवत बसले होते. सगळे त्यांना धर्माबाबा म्हणत होते. त्यांनी न विचारता सांगितलं की वर शाळेच्या पटांगणात लावा. मी वर जाऊन पाहून आले. तिथं मुलं क्रिकेट खेळत होती. नियम चार : स्थानिक मुलांच्या खेळाच्या जागा बळकावू नयेत. तेही बाद.

राहिली वाळू. मोकळी, रुंद, कुणाचं दार नाही, कुणाचं शेत नाही. समुद्र कुठं तरी लांब, तीन शेतं ओलांडून पलीकडं. ओली वाळू तर सिमेंटसारखी घट्ट. काकानं उतरून तिच्यावर दोनदा टाच आपटली आणि मान डोलावली. आमचं पाण्याचं सगळं ज्ञान ओढ्याचं. ओढ्याचं पाणी दिवाळीनंतर मागं सरतं ते जूनपर्यंत तोंड दाखवत नाही. तोवर आम्ही त्याच्या पात्रात गाड्या धुतो, म्हशी बांधतो, वाळवणं घालतो. पाणी मागं गेलंय म्हणजे गेलंय. ते जेवायच्या वेळेला परत येईल अशी शंका कडावच्या माणसाला येतच नाही.

धर्माबाबांना मात्र आली. जाळं बाजूला ठेवून ते माझ्याकडं आले. "बाय, आता ओहोटी हाय. पानी परत येल."

"काळजी करू नका बाबा, आम्ही तसले पर्यटक नाही," मी म्हटलं आणि त्यांना पत्रक दिलं.

त्यांनी ते अख्खं वाचलं. (माझ्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत पत्रक अख्खं वाचणारा हा पहिला माणूस.) मग म्हणाले, "यात भरतीचा टाइम नाय."

मी त्यांना समजावलं की हे पत्रक वागणुकीचं आहे. गाडीतून काकानं विचारलं, बाबा काय म्हणतात? मी सांगितलं, पत्रक वाचतायत.

पुढचे दोन तास मी गळ्यात शिट्टी घालून पहारा दिला. आत्याचा घोटा भिजला, शिट्टी. वडिलांनी शेंगांची टरफलं वाळूत पुरायला घेतली, शिट्टी. काकू एका कोळणीचा फोटो काढायला गेली, लांब शिट्टी. आमचं कुटुंब त्या किनाऱ्यावर इतकं सभ्य वागलं की शेजारच्या मंडळींनी आईला विचारलं, तुम्ही कुठल्या आश्रमातून आलात का?

जेवण झाल्यावर सगळे पाण्यात जायला उठले. तसं कसं? मी सहाही जणांना वाळूत एका ओळीत बसवलं, स्वतः त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पाण्यातल्या सुरक्षिततेचे नियम सांगू लागले. माझं तोंड त्यांच्याकडं होतं, म्हणजे पाठ कुठं होती ते तुम्हाला कळलंच असेल. मधेच आत्यानं हात वर केला. मी म्हटलं, प्रश्न शेवटी. आई अर्धवट उठून "अगं सुजे" म्हणाली, तिला शिस्तीची आठवण करून दिली. काका उभाच राहिला, त्याच्यासाठी शिट्टी वाजवली. तो चेहरा पांढरा करून खाली बसला. मला वाटलं, विषयाचं गांभीर्य पोचतंय.

"नियम नऊ," मी आवाज चढवला, "समुद्राकडं कधीही पाठ करून उभं राहू नये."

आणि माझ्या टाचा ओल्या झाल्या.

काका धावला. आमचा काका बैल सुटला तरी चालत जातो. तो धोतर सावरत धावला. गाडीच्या मागच्या चाकांना पाणी लागलं होतं. काकानं गाडी चालू केली, चाकं जागच्या जागी फिरली आणि वीतभर खाली गेली. आम्ही सगळ्यांनी ढकललं, ती आणखी वीतभर गेली. सिमेंटसारखी वाळू आता खिरीसारखी झाली होती. दर लाटेला गाडी एकदा उचलल्यासारखी होई आणि पुन्हा बसे. काका स्टिअरिंगला धरून एकच वाक्य बोलत होता, उद्या सकाळी लोकांना काय सांगू? ते मला ऐकवत नव्हतं.

कोळीवाड्यात जेवणं चालली होती. धर्माबाबांनी एक हाक दिली आणि अर्ध्या ताटावरनं माणसं उठून आली. (नियम दहा : स्थानिकांचा वेळ वाया घालवू नये.) होड्या ओढायचा ट्रॅक्टर आला, हाताच्या मनगटाएवढा दोर आला. बाया-पुरुष सगळे दोराला लागले. सगळ्यांचा जोर एका वेळी लागावा म्हणून मी बाजूला उभी राहून शिट्टीच्या ठेक्यावर सूचना द्यायला सुरुवात केली.

"बाय," धर्माबाबा म्हणाले, "ती शिट्टी काड तोंडातली आनि दोर धर."

धरला. चौथ्या हिसक्याला गाडी सुटली आणि पाणी गाळत वर आली, धुवायला काढलेल्या म्हशीसारखी.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण खारं पाणी लोखंड खातं. गाडी लगेच गोड्या पाण्यानं खालून-वरून धुवायला हवी होती. आणि तिथं नळाला दिवसाआड पाणी! मी मान खाली घालून उभी होते. एक कोळीण घरातनं दोन भरलेले हंडे घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "घे, धू. दुधाची गाडी हाय ना?" पुढचं पाणी आम्ही सातही जणांनी वरच्या विहिरीवरनं वाहिलं, तिचे हंडेसुद्धा भरून दिले. गाडी धुताना ती कमरेवर हात ठेवून बघत होती. ज्या घरापुढं काका गाडी लावत होता ते घर तिचंच.

"माज्या दारात लावायची होती," ती म्हणाली. "इचारलं असतंस तर हो बोलली असती."

अकरा नियमांत मी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

परतीला पेण येईपर्यंत काका दर वळणाला ब्रेक दाबून बघत होता. चौक गावच्या गॅरेजवाल्यानं ब्रेक उघडून साफ केले, वायरी सुकवल्या, गाडी सकाळी चालेल म्हणाला. फक्त पुढच्या डाव्या दाराचं लॉक खाऱ्या वाळूनं बसलं होतं. नवीन यायला आठवडा लागणार, तोवर दार आतून धरून बसायला माणूस हवा. काकानं माझ्याकडं पाहिलं आणि त्या दिवसातलं शेवटचं वाक्य बोलला. "सकाळी पाचला ये."

दूध वेळेवर पोचलं. आठही दिवस पोचलं. आणि आठही गावांत, कॅन चढवता चढवता, काकानं ही हकीकत सांगितली. पहिल्या दिवशी दोन वाक्यांत, तिसऱ्या दिवशी हातवाऱ्यांसकट. सहाव्या दिवशी लाट टपावरून गेली होती आणि मी तिला शिट्टी मारून थांबवत होते. मी याचा जाहीर निषेध करणार होते, पण दार सोडता येत नव्हतं.

आता आमच्या भागातनं समुद्रावर जाणारी प्रत्येक गाडी आधी भरतीची वेळ विचारून घेते आणि तिथं पोचल्यावर कुणाला तरी विचारून लावली जाते. तीन वर्षांत माझ्या पत्रकांनी एक बाटली कमी झाली नाही. काकानं आठ दिवसांत आठ गावं सुधारली, एक ओळ न छापता. त्याला फक्त बोट दाखवायला एक उदाहरण लागत होतं, आणि ते शेजारच्या सीटवर दार घट्ट धरून बसलेलं असायचं.