पळसापर्यंतची रोवणी

मी गाव सोडलं त्या दिवशी आमच्याकडे रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता, म्हणून मला पोचवायला माय आली नाही. शहापूरच्या फाट्यावर एसटी धरायला बाबा आणि मी धानाच्या बांध्यांतूनच निघालो. माय सात-आठ बायांबरोबर चिखलात वाकलेली होती. ती धुऱ्याच्या बांधापर्यंत आली, हात चिखलाचे म्हणून मला जवळ न घेता तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊन राहिली तं जाय. पण हातातलं काम अर्धं टाकून उठू नोको कुठं." एवढं बोलून ती परत रोवायच्या रोपांची, पऱ्ह्यांची पेंडी उचलायला गेली. मला राग आला होता. लेक मुंबईला निघाली आणि हिला धानाची पडली आहे, असं एसटी भंडाऱ्याला लागेपर्यंत मनात घोकत होते.

बाबांनी मला टायपिंगच्या नोकरीसाठी पाठवलं होतं, मावशीच्या भरवशावर. सिनेमाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते मलाही माहीत नव्हतं. ज्या हापिसात मी टाइप करत होते तिथे एक दिग्दर्शक आपली पटकथा घेऊन यायचे. पानं टाइप करता करता मी त्यांना विचारलं, की ह्या बाईच्या हातात पहिल्या पानावर विळा आहे, तिसऱ्या पानावर कुठे गेला? ते हसले आणि वर्षभरानं मला कामावर घेऊन गेले. कामाचं नाव कंटिन्युइटी. आपल्या भाषेत सांगायचं तर कालच्या शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर होता की उजव्या, हे वहीत लिहून ठेवायचं आणि आज सगळ्यांना ते सांगून वीट आणायचा. गावात सांगितलं असतं तर म्हणाले असते, ह्याचेबी पैसे देतात?

बाबांना कळवलं तेव्हा त्यांचं दोन ओळींचं कार्ड आलं. कर, पण हे काम गेलं तर दुसरं शोधायचं नाही, मुकाट्यानं घरी यायचं.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऐंशीच्या आसपास, त्याच दिग्दर्शकांना धानाच्या शेतात सिनेमा करायचा होता. युनिट म्हणजे आम्ही अकरा माणसं, एक कॅमेरा आणि मोजकी कच्ची फिल्म. प्रत्येक शॉट एकदाच घ्यायचा, दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली की कॅमेरामन देवाचं नाव घ्यायचा. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्या गावी चला, आमचीच बांधी आहे, माणसं माझी आहेत. दिग्दर्शक म्हणाले, "बघ हं कुसुम, गाव तुझ्या जबाबदारीवर." बाबांनी होकार दिला, पण अट घातली, की माझ्या धानाच्या एका काडीला धक्का लागता कामा नये. त्या आठवड्यात ते स्वतः नाकाडोंगरीला गेले होते, माझ्या काकांचा पाय मोडला होता आणि त्यांचा रोवणा अडला होता.

पहिला दिवस छान गेला. पुण्याची नायिका चिखलात उतरली, मायनं तिला पऱ्हे कसे धरायचे ते शिकवलं, आणि आमच्या बाया तिच्या मागून रोवत गेल्या. गोष्टीत असं होतं, की बांधी अर्धी होते, तेवढ्यात नवरा धुऱ्यावर येतो आणि म्हणतो, गाव सोडायचं. ती वळून बघते. तिच्या वळण्यापर्यंत झालं आणि आभाळ दाटून उजेड गेला. नवऱ्याचं बोलणं उद्या. मी वहीत चित्र काढलं. हिरवं पळसाच्या झाडापर्यंत, पुढे नुसता चिखल. बायांना म्हटलं, झालं, आता घरी जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर बांधी ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत हिरवीगार. माय आणि बाया पाटात हातपाय धूत होत्या.

"तुमचं काम हलकं केलं," माय खुशीत म्हणाली. "पऱ्हे सुकून राहिले होते. अर्धी बांधी कशी सोडाची?"

दिग्दर्शक धुऱ्यावर खाली बसले. आजूबाजूच्या बांध्यांचा रोवणा कधीच उरकला होता, आणि कालचं सगळं दुसरीकडे पुन्हा घेण्याइतकी फिल्म नव्हती. माझी माणसं, माझं गाव, आणि रोवणारी बाई बांधी अर्धी टाकत नाही हे मलाच आठवू नये! तीन-चार वर्षांत मी इतकी मुंबईची झाले होते.

मी मायला समजावून सांगू लागले, की कालचं आणि आजचं पडद्यावर एकच वाटलं पाहिजे.

"म्हणजे कालचा दिवस आजबी पाहिजे?"

"हो."

"मंग अदुगर सांगाचं ना वो."

मग दिग्दर्शकांनी चाचरत विचारलं, अर्धा भाग उपटता येईल का. मायच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. रोवलेला धान हातानं उपटायचा, हे आमच्याकडे कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही. वर बाबांची अट. मायनं मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, "हे झालं नाही तं तुहं काम जाते काय?"

मी मान डोलावली.

"अन् तू घरी येशीन?"

मी पुन्हा मान डोलावली. मला वाटलं, झालं, हिला तर तेच हवं आहे. लेक परत येईल, इतक्या वर्षांची काळजी मिटेल.

तिनं पदर खोचला. बाया उठल्या तर त्यांना म्हणाली, "तुमी नोका येऊ. माह्या एकटीवर राहू द्या." मी साडी वर धरून उतरायला लागले तर माझ्यावरच ओरडली, "तू कायले येतं? तुहं काम वहीचं हाये. कुठवर होता थे सांग."

मी धुऱ्यावर उभी राहिले. ती उपटत गेली, आणि मी वहीत बघून सांगत गेले. अजून चार हात. अजून दोन. बस, पळस आला. आयुष्यात मायला मी दिलेले हुकूम एवढेच, आणि ते देताना मला रडू आवरत नव्हतं. उपटलेले पऱ्हे ती पेंड्या बांधून पाण्यात ठेवत होती, तान्ह्या पोराला ठेवावं तसं. माझं काम काय असतं हे तिला मी कधी पत्रात नीट सांगितलं नव्हतं, आणि तिनं ते अर्ध्या तासात मान्य करून टाकलं. शॉट एका टेकमध्ये झाला. युनिट सामान आवरत होतं तोवर तिनं ते पऱ्हे पुन्हा रोवलेसुद्धा.

तो सिनेमा तुमच्यापैकी कुणी पाहिला नसेल. दोन-चार ठिकाणी लागला आणि डब्यात गेला. मी मुंबईत एका छोट्या हॉलमध्ये पाहिला. नायिका वळते तो एक दिवस आणि नवरा बोलतो तो दुसरा, पण जोड कुठे दिसत नाही. मला त्या कामाच्या जोरावर पुढची कामं मिळत गेली आणि मी घरी परतले नाही.

बांधीच्या त्या भागातला धान मात्र वाढीत मागे पडला. बाबांनी विचारलं तेव्हा माय म्हणाली, ढोरं शिरली होती. वहिनीच्या पत्रातून मला हे कळलं. बाबा कुणाच्या ढोरांच्या नावानं भांडायला गेले नाहीत, ह्याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं.

पाच-सहा वर्षांनी मी दिवाळीला गावी आले होते. बाबा मला घेऊन धुऱ्यानं चालले होते आणि त्या बांधीपाशी थांबून आपण होऊनच म्हणाले, "ढोरानं खाल्लेला अन् हातानं उपटलेला येगळा दिसते. मले का समजत नाही?"

"मग विचारलं का नाही?"

"तुही माय माह्याशी कधी खोटी बोलली नव्हती. बोलली, तं काई मोठंच असन."

मी घरी येऊन मायला घाबरत सांगितलं, की बाबांना माहीत आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याइले मालूम हाये, थे मले मालूम हाये. हे तू नोको सांगू त्याइले."

मी सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते, बांध्या सांभाळणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनाही. मुंबईत माझं घर आहे, त्याच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण तुमचं घर कुठलं असं कुणी विचारलं, की अजून माझ्या तोंडून आमच्या गावाचंच नाव निघतं. मला जाता यावं म्हणून तिथे दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांपुढे गप्प राहिली.