शेवटी काढलेले डोळे
काळ्या शाईची बाटली उघडली की अजून एक एसटी आठवते. माझ्या पहिल्या चित्रपुस्तकाची चित्रं मानवतच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरकडे पार्सल म्हणून दिली आणि एकदम आठवलं, त्यातल्या वाघाला डोळेच काढले नाहीत. पोळ्याच्या मातीच्या बैलांना आई डोळे अगदी शेवटी काढायची, तीच सवय मला लागलेली. धावत गाडीत चढले, पाकीट फोडलं, पिशवीतली शाई आणि ब्रश काढला. "ताई, गाडी निघायलीय, उतरा लवकर!" कंडक्टर ओरडला. गाडी थरथरत होती, मी पान मांडीवर घट्ट दाबून धरलं. एक थेंब सांडला असता तर सगळं संपलं असतं. कसेबसे दोन ठिपके टेकवले. परवा जिंतूरच्या शाळेत एक मुलगी ते पान बघून म्हणाली, "बाई, ह्यो वाघ लय भ्यालाय." ती भीती माझी होती, आणि इतक्या वर्षांत ती कुणी ओळखली नव्हती.