अर्धी बाटली

वस्तीत तिला सगळे चिंधीआजी म्हणत. चाळीस वर्षे लोकांचे कपडे शिवताना तिने कापडाचा बोटभर तुकडाही फेकला नव्हता. उरल्यासुरल्याचे टोपडे होई, दुपटे होई, काहीच नाही तर गाठोड्यात भर पडे. काटकसरीवर तिने लेक एकटीने वाढवली होती. आता नजर अधू झाल्यापासून सुईत दोरा ओवायचे काम लेकीच्या मुलीकडे, सहा वर्षांच्या ठमीकडे आले होते.

सर्दीचे निमित्त झाले आणि ठमीची डावी पापणी सुजून लालबुंद झाली. डॉक्टरीणबाईंनी पापणी उघडून पाहिली, पोटात घ्यायच्या औषधाची बाटली दिली. "सातही दिवस द्यायचं, आजी. बरं वाटलं तरी." बाहेर रांग खोळंबली होती; बरे वाटले तरी का द्यायचे, हे सांगायचे राहून गेले.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली.

"कडू आहे गं! आणि बघ, माझा डोळा तुझ्यापेक्षा चांगला झालाय."

"माझ्यापेक्षा तर म्हशीचाही चांगला असेल," म्हणत आजीने झाकण घट्ट लावले आणि अर्धी बाटली फडताळात ठेवली. पुढच्या दुखण्याला होईल.

सहाव्या दिवशी ठमी तापाने फणफणली. डोळा खोबणीतून पुढे आला होता, हलत नव्हता. मोठ्या रुग्णालयात शिरेतून औषध सुरू झाले, पू काढायला शस्त्रक्रिया झाली. आजीने पिशवीतून बाटली काढून तिथल्या डॉक्टरांपुढे धरली. "हे आहे की अजून. जपून ठेवलंय."

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली. "आजी, ही संपवायला दिली होती."

पोर वाचली. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली.

लेक एका शब्दाने बोलली नाही. ते आजीला सोसवेना. "बोल की गं मला! शिव्या दे."

"काय बोलू, आई? मलाही तू असंच वाढवलंस. मीही ठेवलीच असती."

महिन्याभराने ठमी शिलाईच्या मशीनपाशी आली. "दे, ओवते." आजीने सुई उजेडाकडे धरली. दोरा सुईच्या अलीकडेच थांबला. दुसऱ्यांदा तो बाजूने पुढे निघून गेला. तिसऱ्यांदा ठमी चिडली.

"आजी, सुई हलवू नकोस ना!"

आजीचा हात कोपरापासून मशीनवर घट्ट टेकलेला होता. सुई तसूभरही हलली नव्हती.

"हो गं बाई," ती म्हणाली, "म्हातारीचा हात, कापतोय मेला."