पोटात असताना ताप आला होता का?

तमाम ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या गावातली सर्वांत धोकादायक बाई गेल्या महिन्यात वारली. तरी यापुढे गरोदर सुनेचा ताप घरातल्या घरात जिरवण्यास हरकत नाही, लेकरू उशिरा बोललं तर खापर तिच्याच डोक्यावर फोडण्यास हरकत नाही, आणि मास्तर लोकांनी प्रगतिपुस्तकात वाटेल ते लिहिण्यास तर मुळीच हरकत नाही. विचारणारं कोणी उरलेलं नाही. हुकमावरून... हुकूम कोणाचा म्हणाल, तर गावच्या नाटकात वीस वर्षं राजा झालेल्या आणि एरवी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझा.

ही धोकादायक बाई म्हणजे वच्छलाबाई, आमच्या अंगणवाडीच्या सेविका. परिपाठ चालू असताना गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंचा फोन आला, "सर, बाई गेल्या." मी चक्क त्यांच्यावर खेकसलो, "काहीतरी बोलू नका, काल संध्याकाळी माझ्याशी भांडल्या त्या!" जणू आदल्या दिवशी भांडलेल्या माणसाला मरायची परवानगीच नसते. पण झोपेतच बाईंचं हृदय थांबलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाला काही न विचारता निघून गेल्या.

नाहीतर बाईंचा प्रश्न सगळ्या गावाला पाठ होता. चालायला उशीर, बोलायला उशीर, अंगानं किरकोळ असं लेकरू दिसलं की त्याच्या आईला बाजूला घ्यायच्या आणि विचारायच्या, "बाई, हे पोटात असताना तुले थंडी वाजून ताप आला होता का?" लग्नात विचारायच्या, बस थांब्यावर विचारायच्या. एका घरी गरोदर सुनेची ओटी भरायला बोलावलं, तर बाई नारळासोबत आशाताईंना घेऊन हजर. बायका गाणी म्हणताहेत आणि इकडे त्या पोरीच्या बोटाला सुई टोचून हिवतापाची तपासणी! सासरे संतापले. बाई म्हणाल्या, "काऊन चिडता बाप्पा? तुमचा नातू आहे, मी फक्त त्याची खबरबात घेऊन राह्यली."

एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की, गरोदर बाईला हिवताप झाला तर त्याचे जंतू पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेत ठाण मांडून बसतात. मग बाळाला मिळायचं ते पुरेसं मिळत नाही. लेकरू कमी वजनाचं जन्मतं, कधी दिवस भरायच्या आधीच जन्मतं, आणि त्यातली काही लेकरं पुढे बोलण्यात, शिकण्यात मागे पडतात. 'काही' या शब्दावर बाई जोर द्यायच्या. "सगळ्याइचं कारण हेच, असं मी नाई म्हनत मास्तर. पन इचारलंच नाई, तं समजीन कसं?"

प्रणाली पहिलीत आली तेव्हा तिला मोजून चार शब्द यायचे. मग या महाशयांनी, म्हणजे मी, काय केलं? तिच्या प्रगतिपुस्तकात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लक्ष नाही. सुधारणा अशक्य.' दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या, नेहमीप्रमाणे 'जय भीम' घातला आणि ते पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. "अशक्य हा शब्द तुमाले कोनं शिकवला? त्याचं नाव सांगा, मी त्याच्या घरी जातो." सगळा वर्ग हसला. मी पण हसलो, आणि आज त्या हसण्याचा मला संताप येतो. सहा वर्षांच्या पोरीचा निकाल मी एका ओळीत लावून मोकळा झालो होतो.

घरी तिच्या आईचा, सुनीताचा निकाल त्याच्याही आधी लागला होता. सासूनं गावभर सांगितलं होतं की, सुनेनं ग्रहणात वांगं चिरलं म्हणून पोरगी अशी झाली. बाई जुनं कॅलेंडर शोधून घेऊन गेल्या आणि त्या नऊ महिन्यांत आपल्याकडे ग्रहण दिसलंच नव्हतं, हे दाखवलं. सासू म्हणाली, "मंग दुसऱ्या गावाले लागलं असन!" बाईंना तिनं ओट्याच्या आत कधी घेतलं नाही, कारण मी लिहायला नको. बाई ओट्यावरूनच सुनीताला तो प्रश्न विचारायच्या. सुनीता सासूकडे बघायची आणि खाली मान घालून भाकरी थापत राहायची. बाईंना दहा वर्षांत उत्तर मिळालं नाही.

मला मात्र त्यांनी कामाला लावलं. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास प्रणालीशी बोलायचं, बस्स. मी काय बोलणार? मिशा लावून राजाची सोंगं केली, गर्जना केल्या. दीड वर्ष ती नुसती बघायची. तिसरीत असताना एके दिवशी ऐन गर्जनेत ती स्पष्ट म्हणाली, "मास्तर, मिशी पडली." पहिलं पूर्ण वाक्य! बाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "घ्या, अशक्य बोललं." आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या...

शोकसभेत पुढारी म्हणाले, बाईंनी कधी कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. हापशाजवळच्या डबक्यासाठी बाईंनी दर पावसाळ्यात अर्ज दिला, तो यांच्याच हातात! ते डबकं आजही तिथंच आहे, आणि सभेत त्याचेच डास आम्हाला चावत होते. मी उठून बोलायला हवं होतं. राजानं टाळ्या वाजवल्या.

गेल्या आठवड्यात पाचवीतल्या प्रणालीच्या पुस्तकांचं सांगायला मी तिच्या घरी गेलो. ओट्यावर भर उन्हात गोधडी घेऊन सुनीताची धाकटी जाऊ कुडकुडत होती. सहावा महिना. दातावर दात वाजत होते. मी सासूला विचारलं, "हिचं रक्त तपासलं का?"

"थंडी बाधली, मास्तर. काढा उकळून राह्यली मी."

"पण पोटात लेकरू आहे. हा ताप कधीपासून येतो?"

सासूनं कपाळाला आठ्या घातल्या. "ते बाई मेली ना वो? मंग तुमी काऊन इचारून राह्यले?"

तेवढ्यात आतून पिठाच्या हातांनी सुनीता बाहेर आली. डोक्यावरचा पदर घसरलेला, त्याचं भान नाही. तिनं जावेला दंडाला धरून उभं केलं आणि दहा वर्षं ज्या सासूपुढे तोंड उघडलं नव्हतं, तिच्याकडे वळून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आला होता मले ताप! तवाबी काढाच पाजला होता तुमी, आत्याबाई! मास्तर, पाहून काय राह्यले? गाडी काढा!"