'हाय की!' म्हणणारे बेघर

घरकुलाचा सर्व्हे करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, तेच पाठीमागं लागतात. बेघरांना घर देण्याचा नवा कायदा झाला, मदत वाढली, नियम सैल झाले. आणि मी व इंजिनिअर प्रतीक, आम्ही दोघं कंत्राटी सर्व्हेवाले, मोबाईल घेऊन खेडोपाडी सुटलो.

मोबाईलवर पहिलाच प्रश्न, "घर आहे का?" 'हो' दाबलं की माणूस बाद, परत उघडत नाही! या 'हो'ची मला इतकी धास्ती बसलीय की बायकोनं फोनवर "घरी आहात का?" विचारलं तरी मी गप्प बसतो.

•

खुलताबादच्या अलीकडं माळावर जिजाबाईंचं पाल होतं. मेंढरंवाली माणसं. नवरा आणि मुलगा कळपामागं गेलेले, पालात जिजाबाई आणि दिवस भरत आलेली सून.

मी विचारलं, "मावशी, घर आहे का?"

"हाय की! मंग कुणाच्या दारात उभं राह्यला तुमी?"

मी बोट आवरलं. म्हणालो, "तपासणीला साहेब येतील, तेव्हा 'नाय' म्हणा. नाहीतर घरकुल गेलं."

"सून पोटुशी हाय. तिच्यासमोर घर नाय म्हणू? नाय बा!"

हेच 'नाय' साहेबांपुढं म्हणाल्या तर! मी रकाना मोकळा ठेवून निघालो खरा, पण पुन्हापुन्हा मागं वळून पालाकडं बघत होतो. पावसाळा तोंडावर, आणि बाळंतीण ताडपत्रीखाली!

•

फर्दापूरला एक चाचा बंद दुकानाच्या ओट्यावर राहायचे. गावातल्यांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. प्रतीकनं चाचरत विचारलं, "चाचा, आप बेघर हो ना?"

चाचा उखडले. "बेघर होंगे तुम्हारे दुश्मन! पंखा नै, बाकी क्या कमी है इधर?"

प्रतीकनं मोबाईल खिशात घातला आणि चहा मागवला. चहाचे पैसे चाचांनी दिले. "मेरे घर आये हो तुम!"

•

एका गावात पडक्या घराचा फोटो घ्यायचा होता. आम्ही पोचलो तर दारात रांगोळी, तोरण, आत शेजाऱ्याचा सोफा! फोटोत ते लग्नघर दिसायला लागलं. मी घरमालकाला गाठलं.

"अहो काका, पडलेली भिंत कुठंय?"

"ती झाकली न पडदा लावून. लई वंगाळ दिसत व्हती!"

"तीच तर दाखवायचीय!"

काका दुखावले. "पाव्हण्याला कुणी पडकी भिंत दावतं व्हय?"

•

आमच्या ऑफिसात शांतामावशी चहा करतात. एकदा आतूनच ओरडल्या, "साखर वाढली बरं का!"

प्रतीक खूश. "मग माझ्यात दोन चमचे जास्त टाका!"

बिनसाखरेचा चहा समोर आला. मावशी कडाडल्या, "आईनं शिकवलं नाय का? भरल्या घरात 'संपली' म्हणू नये!"

तेव्हापासून प्रतीक 'वाढलं' ऐकलं की आधी डबा उघडून बघतो.

•

आणि मग तपासणीचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी माळावर मोठी वावटळ येऊन गेली होती. साहेबांना घेऊन आम्ही पोचलो तर पाल नाही! नुसते खुंट, चूल, आणि बाभळीखाली गोधडीवर बसलेली सून. मी धावत सुनेजवळ गेलो, ती धड होती. पण, खोटं कशाला बोलू, मनात आलं, आता तरी मावशी 'नाय' म्हणतील!

साहेबांनी मोबाईल काढला. मान खाली घालूनच विचारलं, "बाई, घर आहे का?"

जिजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं.

"वाढलं, साहेब."

"वाढवलं? म्हणजे आणखी खोल्या काढल्या?" साहेबांचं बोट 'हो'कडं निघालं.

"साहेब, थांबा!" मी ओरडलो. प्रतीकनं तर त्यांचं मनगटच धरलं.

"अहो, ती स्वतःच सांगतेय ना!" साहेब चिडले.

जिजाबाई शांतपणे पुढं आल्या. हातातली काचेची एकुलती बांगडी त्यांनी साहेबांसमोर धरली.

"ही बांगडी वाढती ना साहेब, तसं वाढलं. आता तुमच्या भाषेत त्याला काय म्हणत्यात, ते तुमीच लिवा!"